चित्रकूटच्या खडकातली साक्ष : पृथ्वीवरच्या आरंभीच्या जीवांचा शोध आणि रफत आझमी

चित्रकूटजवळच्या जानकीकुंड भागात एक जुना खडक आहे. त्यात १६० कोटी वर्षांपूर्वीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या शैवालासारख्या जीवांचे अवशेष सापडले. २०१७ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी त्यांना शास्त्रीय नावं दिली. एकाचं नाव ‘रफताझ्मिया चित्रकूटेन्सिस’ आणि दुसऱ्याचं ‘रामाथॅलस लोबॅटस’. पहिलं नाव डेहराडूनचे भूशास्त्रज्ञ रफत जमाल आझमी यांच्यावरून घेतलं आहे. दुसरं चित्रकूटच्या वनवासातल्या रामावरून.

आपल्या घराघरांत डॉक्टर, इंजिनिअर झालेल्या मुलांची चर्चा होते. पण ज्यांचं नाव १६० कोटी वर्षांच्या जीवाला दिलं गेलं, ते आझमीसाहेब आपल्यापैकी किती जणांना माहीत आहेत? त्यांची गोष्ट नुसती मानसन्मानाची नाही. जवळपास दहा वर्षं त्यांच्या शोधाकडे संशयाने पाहिलं गेलं. शेवटी तपासणी झाली, तेव्हा त्यांचं अर्धं म्हणणं खरं ठरलं आणि अर्धं चुकलं. दगडातली जीवसृष्टी शोधायची म्हणजे काय, हे समजायला इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. म्हणून ती इथे सविस्तर सांगतो.

पैठणच्या पायाखाली काय आहे?

हा विषय वर्गात निघाला की आमचे विद्यार्थी हमखास विचारतात, “सर, आपल्या पैठणच्या दगडात असं काही सापडेल का?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पायऱ्या-पायऱ्यांनी द्यावं लागतं.

सगळ्यात वर सातवाहनांचं पैठण, म्हणजे दोन हजार वर्षांचा इतिहास. त्याखाली गोदावरीने आणून टाकलेले गाळाचे आणि गोट्यांचे थर. पैठणच्या परिसरातल्या मुंगी गावाजवळ अशाच थरात १८६० च्या दशकात वाईन नावाच्या भूशास्त्रज्ञाला माणसाने घडवलेली गारेची एक छिलपी सापडली होती. भारतातल्या अश्मयुगाच्या अगदी सुरुवातीच्या शोधांमध्ये तिची नोंद होते. म्हणजे आपल्या नदीकाठाला दगडाच्या अभ्यासाचा मान दीडशे वर्षांपासून आहे.

गाळाच्या खाली मात्र काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट लागतो. खदानीतून निघतो तो हाच दगड. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कुठे तळ्याचा गाळ अडकला असेल तर त्यात त्या काळातली पानं, लाकूड, शिंपले मिळतात. पण पहिल्या जीवांच्या हिशेबात ६ कोटी वर्षं म्हणजे कालची गोष्ट.

मग बेसाल्टच्या खाली काय? याचं उत्तर मराठवाड्यालाच मिळालं, पण मोठी किंमत देऊन. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी उद्ध्वस्त झालं. त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे ६१७ मीटर खोल बोअर घेतला. वरचे ३३८ मीटर बेसाल्ट निघाला. त्याखाली गाळाच्या खडकाचा एक पातळ थर होता आणि मग सुमारे २५० कोटी वर्षं जुना पायाचा खडक. पण हा खडक जमिनीच्या पोटात इतका भाजला आणि दाबला गेलाय की त्यात नाजूक जीवांचे ठसे टिकण्याची आशा फारशी नाही.

म्हणून असे जीव शोधायचे तर बेसाल्टचं पांघरूण संपतं तिथे जावं लागतं. आपल्या राज्यात चंद्रपूर-यवतमाळच्या पैनगंगा खोऱ्यात जुना चुनखडक उघडा पडला आहे. सिमेंटच्या कारखान्यांना लागतो तोच. दक्षिणेला कर्नाटकात आणि उत्तरेला विंध्य पर्वताच्या रांगांत याहून जुने थर आहेत.

दगड साक्ष कशी देतो?

सुरुवातीच्या जीवांना हाडं नव्हती, कवच नव्हतं. मग त्यांचा पुरावा कसा मिळणार? शास्त्रज्ञ तीन प्रकारच्या खुणा शोधतात.

पहिली खूण म्हणजे थर. उथळ पाण्यात सूक्ष्म जीव चिकट साय धरतात. तिच्यावर गाळ बसतो, जीव पुन्हा वर सरकतात, नवी साय धरतात. असं हजारो वर्षं चालल्यावर पत्तागोबी आडवी कापल्यावर दिसते तशी पापुद्र्यांची रचना दगडात तयार होते. तिला स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथे असे थर आजही तयार होताना पाहता येतात. त्याच ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागात सुमारे ३४८ कोटी वर्षं जुने स्ट्रोमॅटोलाइट आहेत. जीवसृष्टीचा भक्कम मानला जाणारा सगळ्यात जुना पुरावा साधारण याच काळातला आहे.

दुसरी खूण म्हणजे प्रत्यक्ष पेशींचे आकार. गारेसारख्या किंवा फॉस्फेटच्या खडकात पेशी अडकली तर तिचा साचा कोट्यवधी वर्षं टिकू शकतो.

तिसरी खूण रासायनिक आहे. कार्बन हलका आणि जड अशा दोन प्रकारचा असतो. जीव आपलं शरीर बांधताना हलका कार्बन जास्त उचलतात. खडकातल्या कार्बनमध्ये हलक्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं की शंका येते, इथे कधीतरी कुणीतरी जगत होतं.

शंका येते, असं आम्ही मुद्दाम लिहिलं. कारण दगड जशी साक्ष देतो, तसा फसवतोही.

दिसतं तसं नसतं

गोदावरीच्या वाळूत फिरलेल्या मुलांनी अशा गारगोट्या पाहिल्या असतील, ज्यांच्या आत शेवाळासारखी हिरवी-काळी नक्षी दिसते. बघणारा म्हणतो, झाड अडकलंय. पण ते झाड नसतं. लोह, मँगनीज यांसारखी खनिजं पसरत गेली की तशी नक्षी उमटते. जीवाचा तिच्याशी काही संबंध नाही.

मोठमोठे शास्त्रज्ञही अशा ठिकाणी चकले आहेत. २०२१ साली मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहेतून मोठी बातमी आली. गुहेच्या छतालगत ‘डिकिन्सोनिया’ या ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा ठसा सापडल्याचं जाहीर झालं. जगभर चर्चा झाली. पुढे दुसऱ्या संशोधकांनी तिथे जाऊन पाहिलं तर तो ठसा खडकावरून सुटून येत होता. २०२३ मध्ये त्यांनी सिद्ध केलं की ते आग्या मोहोळाचं जुनं, वाळलेलं पोळं होतं! कौतुकाची गोष्ट अशी, की मूळ दावा करणाऱ्या शास्त्रज्ञाने चूक मान्य केली.

दुसरं उदाहरण ग्रीनलँडचं. २०१६ साली तिथल्या ३७० कोटी वर्षांच्या खडकात स्ट्रोमॅटोलाइट सापडल्याचा दावा झाला. दगडाच्या कापलेल्या बाजूवर छोटे छोटे शंकू दिसत होते. अॅबिगेल ऑलवूड या संशोधक तिथे गेल्या आणि त्यांनी तोच खडक दुसऱ्या बाजूने पाहिला. समोरून शंकू दिसणारे आकार बाजूने लांबच लांब वरंब्यांसारखे होते. खडक दाबला गेल्यामुळे ते बनले, जीवांमुळे नाही, असं त्यांच्या गटाने २०१८ मध्ये मांडलं. याच ऑलवूड बाईंनी घडवलेलं खडक तपासायचं उपकरण आज मंगळावरच्या पर्सिव्हरन्स गाडीवर काम करतंय.

पैठणच्या लोकांना ही रीत नवी नाही. हातमागाची अस्सल पैठणी ओळखायची तर जाणकार पदर उलटा करून बघतात. दोन्ही बाजूंनी नक्षी सारखीच सुबक असेल तर माल खरा. उलट्या बाजूला धागे लोंबत असतील तर समजून जायचं. दगडाचंही तसंच. सुलट बाजू पाहून भुलायचं नाही.

रफत आझमी यांनी काय शोधलं?

रफत जमाल आझमी डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेत काम करत होते. १९८० च्या दशकात त्यांनी मसुरीजवळच्या फॉस्फेटच्या खडकात अतिशय बारीक कवचांचे जीवाश्म शोधले. ते कँब्रियन काळाच्या सुरुवातीचे, म्हणजे साधारण ५४ कोटी वर्षांपूर्वीचे. याच काळापासून कवच असलेले प्राणी जगभरच्या खडकांत भराभर दिसू लागतात. मसुरीच्या त्या शोधाने हिमालयातल्या खडकांचं वय ठरवायला मोठी मदत झाली.

मग ते विंध्यच्या खडकांकडे वळले. १९९८ साली त्यांनी जाहीर केलं की सोन नदीच्या खोऱ्यातल्या विंध्यच्या खालच्या थरांतही तसेच कवचधारी जीवाश्म आहेत. याचा अर्थ गंभीर होता. विंध्यचे हे थर १०० कोटी वर्षांहून जुने आहेत असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानत होते. आझमींचं म्हणणं बरोबर असेल तर ते ५४ कोटींवर येत होते. योगायोग असा, की त्याच वर्षी जर्मन शास्त्रज्ञ झायलाखर आणि जादवपूरचे प्रदीप बोस यांच्या गटाने विंध्यच्याच वालुकाश्मात १०० कोटी वर्षांपूर्वीच्या किड्यांच्या वाटा दिसतात असा दावा केला. दोघांचं एकाच वेळी खरं असणं शक्य नव्हतं.

आझमींच्या शोधावर टीकेची झोड उठली. हे जीवाश्म खरेच आहेत का, इथपर्यंत शंका घेतली गेली. त्यामागे एक जुनी जखमही होती. १९८९ साली एका भारतीय प्राध्यापकाचा मोठा बनाव उघड झाला होता. परदेशातून मिळालेले जीवाश्म हिमालयात सापडल्याचं दाखवून त्याने वर्षानुवर्षं लेख छापले होते. त्या प्रकरणानंतर भारतातल्या जीवाश्मांच्या दाव्याकडे जग साशंक नजरेने पाहत होतं. त्यातच २००२ मध्ये विंध्यच्या थरांतल्या ज्वालामुखीच्या राखेचं वय निघालं, सुमारे १६३ कोटी वर्षं. आझमींचं म्हणणं आता आणखी अडचणीत आलं.

सिरका, चाळणी आणि दगडातलं घड्याळ

हा वाद शब्दांनी मिटणारा नव्हता. स्टॉकहोमच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातले स्टेफान बेंग्टसन आणि त्यांचे सहकारी नव्याने नमुने घेऊन कामाला लागले.

अशा तपासणीची पद्धत आपल्या स्वयंपाकघरातून समजून घेता येते. सिरक्यात जे आम्ल असतं, तेच सौम्य करून त्यात खडकाचे तुकडे ठेवतात. खडकातला कार्बोनेटचा भाग हळूहळू विरघळतो, फॉस्फेटचा भाग मात्र राहतो. राहिलेला गाळ बारीक चाळणीतून काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण निवडायचा. तांदळातले खडे निवडतात तसं, फक्त इथे खड्यातून दाणा शोधायचा असतो.

वय काढायची रीत वेगळी. काही खनिजांमध्ये युरेनियम असतं. त्याचं ठरलेल्या गतीने शिशात रूपांतर होत राहतं. युरेनियमच्या मुख्य प्रकाराचं अर्धं प्रमाण उरायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. ही गती ऊन, पाऊस, दाब कशानेच बदलत नाही. त्यामुळे खनिजात आज शिसं किती आणि युरेनियम किती हे मोजलं, की घड्याळ कधी सुरू झालं ते कळतं. राखेतल्या झिरकॉन नावाच्या स्फटिकांत हे घड्याळ फार चांगलं जपलं जातं. जीवाश्म ज्यात आहेत त्या फॉस्फेटचं वयसुद्धा त्यातल्या शिशावरून काढता येतं.

२००९ साली निकाल आला. फॉस्फेटच्या त्याच खडकाचं वय निघालं सुमारे १६५ कोटी वर्षं. म्हणजे वयाच्या बाबतीत आझमी चुकले होते, आणि तेही थोडंथोडकं नाही, १०० कोटींहून जास्त. पण जीवाश्म? ते खरे होते. नळ्या होत्या, धागे होते, गोल पेशींचे पुंजके होते. त्यांतला एकही प्रकार फक्त कँब्रियन काळातच सापडणारा नव्हता. गर्भासारखे दिसणारे गोळे मात्र जीवाश्म नव्हतेच. सूक्ष्म जीवांच्या चिकट सायीत अडकलेले ते वायूचे बुडबुडे होते.

आझमी कँब्रियन काळावर का पोचले असतील, हे समजणं कठीण नाही. मसुरीच्या खडकात त्यांच्या नजरेने ज्या आकारांची ओळख पक्की केली होती, तसेच आकार इथे समोर आले. आकार जुळले, म्हणून काळही जुळेल असं वाटलं. जीवाश्म ओळखणारी नजर मात्र खोटी नव्हती.

एका खडकात दोन नावं

यापुढची पायरी २०१७ ची. बेंग्टसन यांच्या गटाने चित्रकूटचे नमुने अतिशय तीव्र क्ष-किरणांखाली ठेवले. दवाखान्यात सीटी स्कॅन करतात तशा पद्धतीने, दगड न फोडता, पेशींच्या आतलं चित्र मिळालं. धाग्यासारख्या जीवात पेशी एकीला एक लागून रांगेत होत्या. पेशींच्या आत ठरावीक आकाराचे तुकडे दिसले. प्रकाशातून अन्न तयार करणाऱ्या अवयवाचे ते अवशेष असावेत असं या गटाचं मत आहे. त्यावरून त्यांनी हे तांबडं शैवाल असल्याचं मांडलं. त्याआधी माहीत असलेलं सर्वांत जुनं तांबडं शैवाल आर्क्टिक कॅनडातलं, साधारण १२० कोटी वर्षांचं मानलं जात होतं. चित्रकूटने ती मुदत एकदम ४० कोटी वर्षं मागे नेली.

इथे एक गल्लत टाळायला हवी. हे पृथ्वीवरचे पहिले जीव नाहीत. पहिले जीव एकपेशीय आणि याच्या दुप्पट जुने. पण ज्या जीवांच्या पेशीत केंद्रक असतं, ज्या पेशी एकत्र येऊन मोठं शरीर बांधतात, त्या घराण्यातले हे अगदी सुरुवातीचे मानकरी आहेत. झाडं, प्राणी, आपण सगळे त्याच मोठ्या घराण्यातले. हे तांबडं शैवालच आहे का, यावर काही शास्त्रज्ञ अजून सावध आहेत. ते योग्यच आहे. तपासणी अशीच पुढे जाते.

धाग्यासारख्या त्या जीवाला नाव देताना शोधकांनी रफत आझमी यांची आठवण ठेवली. ज्यांचं वयाचं गणित त्यांनी स्वतः चुकीचं ठरवलं होतं, त्यांचंच नाव त्यांनी जीवाश्माला दिलं. विज्ञानातल्या अदबीचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही. आणि त्याच खडकात शेजारी रामाचं नाव. कुणी ठरवून एकोप्याचा कार्यक्रम केला नव्हता. जागा चित्रकूटची होती आणि शोधणारा रफत होता, म्हणून ही दोन नावं जवळ आली.

हैदराबादचे नक्वीसाहेब

या क्षेत्रात आपलं आणखी एक नाव आहे, सय्यद महमूद नक्वी. किल्लारीला बोअर घेणाऱ्या हैदराबादच्या त्याच संस्थेत त्यांनी दक्षिण भारतातल्या अतिप्राचीन खडकांचा अभ्यास केला. त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला होता. १९८७ साली त्यांनी लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या संशोधकांबरोबर कर्नाटकातल्या संडूर इथल्या गारेच्या खडकातून सूक्ष्म जीवांचे अवशेष प्रसिद्ध केले. ते खडक २५० कोटी वर्षांहून जुने आहेत. संडूर म्हणजे घोरपड्यांचं जुनं मराठी संस्थान. लोखंडाच्या खाणींसाठी ते गाव प्रसिद्ध आहे, पण तिथल्या दगडांचं हे मोलही मुलांना सांगायला हवं.

आपल्या घरासाठी यात काय आहे?

आमच्या मते दोन गोष्टी.

पहिली, सवयीची. दावा समोर आला की चार प्रश्न विचारायचे. ही वस्तू नेमकी कुठून आली? तिचं वय कशावरून ठरवलं? असाच आकार दुसऱ्या एखाद्या कारणाने बनू शकतो का? आणि दुसरा कुणी तिथे गेला तर त्यालाही हेच दिसेल का? भीमबेटकाचं पोळं चौथ्या प्रश्नावर पकडलं गेलं, ग्रीनलँडचे शंकू तिसऱ्यावर. आझमींचे जीवाश्म चौथ्या प्रश्नावर टिकले, वय मात्र दुसऱ्यावर पडलं. मोबाइलवर रोज येणाऱ्या मेसेजना हेच चार प्रश्न विचारले तर घरातले निम्मे वाद मिटतील. साक्षीदार कोण, त्याने स्वतः पाहिलं की ऐकलं, हे पारखण्याची शिस्त आपल्या इल्मच्या परंपरेत जुनीच आहे. दगडांनाही तीच लावायची.

दुसरी, मुलांच्या वाटेची. बारावी सायन्सनंतर भूशास्त्र घेऊन बी.एस्सी., एम.एस्सी. करता येतं, हे आपल्याकडे फार कमी पालकांना ठाऊक असतं. १८५१ साली स्थापन झालेलं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खातं आजही भूशास्त्रज्ञ घेतं आणि त्यासाठी यूपीएससीतर्फे वेगळी परीक्षा होते. पाणी, खाणी, धरणं, भूकंप, सगळीकडे या विषयाची माणसं लागतात. मुलींनाही ही वाट तितकीच खुली आहे.

तेव्हा घरातलं पोर खिशात दगड भरून आलं तर लगेच रागावू नका. तो दगड हातात घ्या, उलटा करा आणि दोघं मिळून बघा.